आत गेली म्हणजे नेमके काय?

शासकीय सेवेतील बत्तीस वर्षांत मी ज्या शब्दावर सर्वाधिक शाई खर्च केली, तो शब्द ‘पूर्ण’ हा असावा. काम पूर्ण, चौकशी पूर्ण, उद्दिष्ट पूर्ण, वसुली पूर्ण. दर महिन्याच्या अहवालात या शब्दाचा एक रकाना असतो आणि त्या रकान्यात कोणता आकडा भरायचा यावरून जितके वाद मी ऐकले, तितके प्रत्यक्ष कामावरून क्वचितच ऐकले असतील. २०२४ साली सेवानिवृत्त झाल्यावर हा शब्द आपल्याला सोडून गेला असे वाटले होते. पण तो भेटला थेट कॅलिफोर्नियात, ओकच्या झाडांखाली, लोखंडी साखळ्यांच्या एका टोपलीजवळ.

माझा भाचा पासाडेना शहराजवळ राहतो. निवृत्तीनंतर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मी त्याच्याकडे महिनाभर होतो. रविवारी सकाळी तो पाठीवर एक पिशवी टाकून निघे. पिशवीत पंधरा-वीस प्लॅस्टिकच्या तबकड्या. “मामा, चला, डिस्क गोल्फ बघायला,” तो म्हणाला. मी आयुष्यात साधा गोल्फही खेळलेलो नाही. ज्या जिल्ह्यांत माझ्या बदल्या झाल्या, तेथे गोल्फचे मैदान असलेच तर ते छावणीच्या हद्दीत असे आणि आमचे काम हद्दीबाहेरचे.

खेळ समजायला सोपा आहे. गोल्फमधील चेंडूऐवजी तबकडी, काठीऐवजी हात आणि जमिनीतील खड्ड्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली. टोपलीच्या वर एक कडी, त्या कडीतून साखळ्या लोंबतात. तबकडी साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती खालच्या टोपलीत पडते. ठरावीक जागेवरून सुरुवात करून कमीत कमी फेकींमध्ये ती टोपलीत घालायची. अशा अठरा टोपल्या झाल्या की डाव संपला.

भाच्याने मला जेथे नेले ते मैदान या खेळाची काशीच म्हणायला हवे. ओक ग्रोव्ह नावाचे हे मैदान १९७५ साली तयार झाले आणि डिस्क गोल्फसाठी कायमस्वरूपी आखलेले ते पहिले मैदान मानले जाते. ते आखणारे एड हेडरिक हे फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत होते. आजच्या फ्रिस्बीला हवेत स्थैर्य देणाऱ्या रचनेचे पेटंट त्यांच्याच नावावर आहे. १९७६ मध्ये त्यांनी या खेळाची संघटना स्थापन केली. २००२ साली ते वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली. आपल्याकडे रक्षा नदीत सोडतात, त्यांची हवेत उडते. मला यात काही विचित्र वाटले नाही.

लक्षात राहिली ती टोपलीच्या जन्माची कथा. आधी या खेळात लक्ष्य म्हणून झाड, कचऱ्याचा डबा, दिव्याचा खांब असे काहीही चाले, आणि तबकडी त्याला लागली की नाही यावर भांडणे होत. लांबून फेकणारा म्हणे ‘लागली’, जवळ उभा असलेला म्हणे ‘चाटून गेली’. ओक ग्रोव्हलाही आरंभी नुसते खांबच होते. रोजच्या या वादांना कंटाळून हेडरिक यांनी साखळ्यांची टोपली तयार केली. तिचे पेटंट त्यांना १९७७ साली मिळाले. टोपलीत तबकडी दिसली की प्रश्न मिटला. वाद मिटवण्यासाठी यंत्र आणणे हा मार्ग आम्हा प्रशासकांना फार प्रिय आहे. यंत्र आल्यावर वाद संपत नाही, तो यंत्राच्या कडेला जाऊन बसतो, हे मात्र आम्हाला नेहमी उशिरा कळते.

त्या दिवशी चौघांचा गट होता. माझा भाचा, त्याचा इंदूरचा मित्र, एक तरुण अमेरिकन मुलगी आणि सत्तरीच्या पुढचे एक निवृत्त शाळामास्तर. इंदूरचा मित्र म्हणजे घरात चार पिढ्या मराठी आणि बाहेर पडताच माळव्याची हिंदी. मला तो पहिल्या मिनिटापासून ‘काका’ म्हणू लागला. साप्ताहिक स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला एक नवी तबकडी मिळणार, इतकेच काय ते बक्षीस. तरीही सर्वजण ज्या गांभीर्याने खेळत होते, ते पाहून मला बरे वाटले. क्षुल्लक गोष्टीत जो नियम पाळतो, त्याच्यावर मोठे काम सोपवायला हरकत नसते असे माझे जुने मत आहे.

अकराव्या की बाराव्या टोपलीजवळ तो प्रसंग घडला. चढणीवर टोपली होती. इंदूरच्या मित्राची पहिली फेक टोपलीपासून वीस-बावीस मीटरवर पडली. दुसरी फेक त्याने उतारावरून वर केली. समोरून ऊन डोळ्यांवर येत होते. तबकडी गेली, साखळ्या खणखणल्या, तो आनंदाने ओरडला. आम्ही वर जाऊन पाहतो तो तबकडी टोपलीत नव्हती आणि टोपलीबाहेरही नव्हती. टोपलीच्या बाजूच्या उभ्या गजांमध्ये ती अडकून बसली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर.

आता ही आत गेली म्हणायची की नाही?

मास्तरांनी फोनवर नियमपुस्तक उघडले. त्यांना ते पाठच असावे, पण वाचून दाखवण्याची त्यांची सवय मला ओळखीची वाटली. आमच्याकडेही जुने हेडक्लार्क नियम तोंडपाठ असूनही पुस्तक उघडून बोट ठेवत. नियमाचा आशय असा. तबकडी खेळाडूच्या हातातून सुटलेली असली पाहिजे. ती टोपलीच्या वरच्या काठाच्या वरून आणि साखळ्यांच्या कडीच्या खालून, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेतूनच आत शिरली पाहिजे. आणि लक्ष्याच्या आधाराने तेथे स्थिरावली पाहिजे. कडीच्या डोक्यावर जाऊन बसलेली तबकडी चालत नाही. साखळ्यांना लागून परत बाहेर पडलेली चालत नाही, मग तिने कितीही मधुर आवाज केलेला असो. आणि बाहेरून गजांमध्ये घुसलेली तबकडी, भले तिचा मोठा भाग आत असो, चालत नाही.

म्हणजे तबकडी आता कोठे आहे यावर उत्तर अवलंबून नव्हते. ती कोणत्या वाटेने आली यावर होते. वरून आत येऊन, साखळ्यांना धडकून, खाली घसरताना ती आतल्या बाजूने गजांत रुतली असेल तर फेक पूर्ण. सरळ बाहेरून गजांत घुसली असेल तर अपूर्ण. दोन्ही वाटांनी आलेली तबकडी दिसायला सारखीच. आणि ही तर नेमकी अर्ध्यावर थांबलेली.

साक्षी घेतल्या गेल्या. भाचा पिशवीत दुसरी तबकडी शोधत होता, त्याने काहीच पाहिले नव्हते. ज्याने फेकली त्याच्या डोळ्यांवर ऊन होते. ती मुलगी म्हणाली, “मला ती खालून येताना दिसली. काठाच्या खाली. खात्रीने नाही सांगणार, पण नव्वद टक्के.” मास्तर म्हणाले, “मी पाहिली नाही, पण ऐकली. साखळ्या स्पष्ट वाजल्या. साखळ्या वाजल्या म्हणजे ती वरून आत गेली होती.”

“काका, तुम्ही इतकी इलेक्शनं घेतलीत, तुम्ही सांगा ना,” इंदूरचा मित्र मला म्हणाला.

मी काही बोलण्याआधीच मास्तरांनी अत्यंत सभ्यपणे सांगितले, की निर्णय गटातील खेळाडूंनी किंवा पंचाने करायचा असतो, प्रेक्षकाने नव्हे. मला ते पटले. अधिकारक्षेत्र नसताना मत देण्याचा मोह आवरणे हे अर्धे प्रशासन आहे. मी ओकच्या बुंध्यावर जाऊन बसलो.

या खेळात बहुतेक वेळा पंच बरोबर नसतो. खेळाडूच एकमेकांवर आणि स्वतःवरही नियम लावतात, गटाचे बहुमत निर्णय देते आणि बहुमत होत नसेल तर जो अर्थ फेकणाऱ्याला अधिक लाभदायक असेल तो धरायचा, असे नियम सांगतो. येथे एक विरुद्ध एक, आणि दोघे तटस्थ. तेव्हा फेक पूर्ण. मास्तरांनी जाता जाता एक माहिती दिली ती मला महत्त्वाची वाटली. पूर्वीच्या नियमपुस्तकात हेच वाक्य उलट बाजूने लिहिलेले होते. तबकडी चुकीच्या जागेतून शिरल्याचे दोन किंवा अधिक खेळाडूंनी अथवा पंचाने पाहिले असेल तर ती पूर्ण धरू नये, असे. म्हणजे टोपलीच्या आधाराने विसावलेली तबकडी निर्दोष, जोपर्यंत दोन साक्षीदार तिच्याविरुद्ध उभे राहत नाहीत तोपर्यंत. पुराव्याचा भार कोणावर, हा प्रश्न न्यायालयांइतकाच उद्यानांतही जिवंत आहे.

मी बसल्या बसल्या विचार करू लागलो, की असे वाद खेळांनी कसे सोडवले. मूळ गोल्फमध्ये खड्डा १०८ मिलिमीटर व्यासाचा. चेंडू त्यात स्थिरावला आणि संपूर्ण चेंडू जमिनीच्या पातळीखाली असला तर तो आत. पण झेंड्याची काठी खड्ड्यातच असेल आणि चेंडू तिला टेकून अडकला असेल तर? २०१९ पासून नियम असा, की अशा वेळी चेंडूचा काही भाग जरी पातळीखाली असला तरी तो आत गेला असे मानावे. चेंडू खड्ड्याच्या ओठावर लोंबकळत असेल तर खेळाडूने वाजवी वेळात तेथे पोचावे आणि आणखी दहा सेकंद थांबून पाहावे. तेवढ्यात पडला तर ठीक. दहा सेकंदच का, नऊ का नाही, असे कोणी विचारत नाही. लहानपणी गोट्या खेळताना मात्र आम्ही खड्ड्याच्या काठावर थांबलेल्या गोटीवर फुंकर घालत असू, आणि फुंकर घालणाराच न्यायाधीश असे.

प्रशासनात आमची फुंकर म्हणजे व्याख्या. गावाचे विद्युतीकरण हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. १९९७ पर्यंत महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकृत धरले जाई. शिवारात एका सधन शेतकऱ्याचा एक पंप चालू, आणि वस्ती अंधारात, तरी गाव ‘पूर्ण’. तबकडीचा काठ गजाला लागला की झाले! १९९७ मध्ये ‘महसुली हद्दी’ऐवजी ‘वस्ती’ हा शब्द आला. २००४ साली व्याख्या आणखी घट्ट झाली. वस्तीत आणि दलित वस्तीतही ट्रान्सफॉर्मर व तारा हव्यात, शाळा, पंचायत, आरोग्यकेंद्र अशा सार्वजनिक जागी वीज हवी, आणि किमान १० टक्के घरांत जोडणी हवी. १० टक्के! म्हणजे शंभरातील नव्वद घरे अंधारात असली तरी गाव टोपलीत. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग गावात वीज पोचली आणि देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले, ते याच व्याख्येनुसार. त्यात खोटे काही नव्हते. तारा ओढणाऱ्या माणसांनी डोंगरदऱ्यांत केलेले कष्ट मी जवळून पाहिले आहेत. पण घराघराला जोडणी देण्याची वेगळी योजना का लागली, याचे उत्तर त्या १० टक्क्यांत आहे.

माझ्या हाताखालचे एक अभियंता म्हणत असत, “साहेब, व्याख्या सैल केली की उद्दिष्ट पूर्ण होते, आणि घट्ट केली की बदली होते.” हसण्यावारी नेण्याजोगे वाक्य आहे, पण मी ते विसरलो नाही.

असो. पुढच्या टोपलीकडे जाण्यासाठी सर्व निघाले. इंदूरच्या मित्राच्या नावापुढे दोन फेकी नोंदल्या गेल्या. मी मागे राहिलो होतो. मनात एक शंका होती. माझ्या हातात भाच्याची एक जुनी तबकडी होती. ती मी टोपलीच्या बाजूला, बाहेरून, गजांवर जोराने आपटली. साखळ्या खणखणल्या! अगदी तशाच. अख्खा खांबच थरथरतो, साखळ्या वाजणारच. मास्तरांनी मागे वळून पाहिले. मी ओशाळलो, कारण निकाल लागल्यावर पुरावा तपासणे हे शिष्टाचाराला धरून नाही. ते परत चढण चढून आले, माझ्या हातून तबकडी घेतली आणि स्वतः दोनदा आपटून पाहिले. मग टोपलीशी कान नेऊन तिसऱ्यांदा.

“माझी साक्ष निरुपयोगी होती,” ते म्हणाले. त्यांनी सर्वांना हाक मारली. “मी ऐकलेल्या आवाजावरून काहीच सिद्ध होत नाही. मी माझे मत मागे घेतो.”

भाचा म्हणाला, “पण आता नोंद झाली आहे.”

“कार्ड अजून आपल्याच हातात आहे,” मास्तर म्हणाले. “ते जमा करीपर्यंत चूक दुरुस्त करता येते. मैदानावर आज आणखी काही गट खेळत आहेत. ते येथे नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनेही आपणच पाहायचे.”

आता एकच साक्ष उरली होती, तीही नव्वद टक्क्यांची. इंदूरचा मित्र क्षणभर टोपलीकडे पाहत राहिला. मग मराठीत मला म्हणाला, “जाऊ द्या काका, खरं सांगायचं तर माझ्या हातूनच जरा खाली सुटली होती,” आणि इंग्रजीत सर्वांना म्हणाला, “तीन लिहा.” सारे मिळून दहा मिनिटेही लागली नाहीत. पुढे तो जिंकला की हरला हे मला आठवत नाही. माझे लक्ष त्यानंतर खेळावर नव्हते.

त्याचे कारण सांगायला मला एकोणतीस वर्षे मागे जावे लागेल.

१९९५ साली मी उत्तर भारतातील माझ्या केडरच्या राज्यात उपविभागीय अधिकारी होतो. ७३व्या घटनादुरुस्तीनंतरच्या पंचायत निवडणुका होत्या. पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या संख्येने स्त्रिया उभ्या होत्या. माझ्याकडे एका गटातील ग्रामपंचायतींची मतमोजणी होती. मते कागदी मतपत्रिकांवर. ज्यांनी ती शिक्क्याची पद्धत पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मतदार रबरी शिक्का शाईत बुडवून आपल्या उमेदवाराच्या चिन्हावर उमटवतो आणि मतपत्रिका घडी करून पेटीत टाकतो. शाई ओली असेल तर घडीमुळे ठसा समोरच्या भागावरही उमटतो. मग एका कागदावर दोन ठसे दिसतात आणि दोन उमेदवारांत भांडण लागते. ज्याने ही पद्धत आखली तो मोठा हुशार असला पाहिजे, कारण शिक्क्यावरील फुलीची टोके एकाच दिशेने वळलेली असतात. घडीमुळे पडलेला ठसा आरशातल्या प्रतिमेसारखा उलट्या दिशेने वळतो. त्यामुळे खरा ठसा कोणता आणि त्याची सावली कोणती हे ओळखता येते. केवळ फुलीच्या टोकांकडे पाहायचे.

रात्री दोन वाजता एका गावच्या प्रधानपदाची मोजणी संपली. स्त्रियांसाठी राखीव जागा, दोघीच उमेदवार, दोघींना सारखीच मते आणि एक मतपत्रिका बाजूला ठेवलेली. तिच्यावर दोन ठसे होते, एकेका चिन्हावर एकेक. दोन्ही जवळपास सारखेच ठळक. वीज गेलेली, पेट्रोमॅक्सचा उजेड, तंबूबाहेर दोन्ही बाजूंची माणसे. एक उमेदवार गावातील जमीनदार घरची सून, दुसरी दोन-तीन बिघे जमिनीवर मुले वाढवणारी विधवा.

मी साहित्याच्या पिशवीतून शिक्का काढला. त्याची रबरी बाजू पेट्रोमॅक्सकडे धरली आणि फुलीची टोके कोणत्या दिशेला वळली आहेत ते पाहिले. मग त्याच दिशेने वळलेला ठसा मतपत्रिकेवर शोधला. तो सुनेच्या चिन्हावर होता. विधवेच्या बाजूने तिचा पुतण्या बसला होता. तो म्हणाला, “साहब, एक बार और देख लीजिए।” मी पुन्हा पाहिले. शिक्का, ठसा. शिक्का, ठसा. दिशा जुळत होती. मी निकाल जाहीर केला. एका मताने सून प्रधान झाली. प्रमाणपत्रावर सही झाली, पाकिटे लाखेने बंद झाली.

सकाळी दहाच्या सुमारास कार्यालयात चहा घेताना तोच शिक्का टेबलावर होता. सहज म्हणून मी तो टीपकागदावर उमटवला. ठसा उमटला, आणि माझ्या लक्षात आले की शिक्क्याची रबरी बाजू आणि तिचा ठसा हे स्वतःच एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात. रात्री मी मतपत्रिका शिक्क्याशी जुळवली होती. जुळवायला हवी होती नमुन्याच्या ठशाशी. दिशा जुळत होती, म्हणूनच तो ठसा खोटा होता.

मी टीपकागद फाडून टाकला. हे मी का केले ते आजही सांगू शकत नाही.

कायद्याने माझ्या हाती काही उरले नव्हते, ही गोष्ट खरी. निकाल जाहीर झाला की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा अधिकार संपतो. पुढे निवडणूक याचिका, आणि ती ठरावीक मुदतीत. मी हे स्वतःला अनेकदा, योग्य त्या कलमांसह, समजावले. परंतु त्या बाईंना बोलावून ‘माझ्या हातून अशी चूक झाली आहे, तुम्ही याचिका करा, मी शपथपत्र देईन’ असे सांगण्यापासून मला कोणत्याच कलमाने अडवले नव्हते. नोकरीला तीनच वर्षे झाली होती. गोपनीय अहवालाची भीती होती. शिवाय निवडून आलेली सून वाईट निघाली नाही. तिने शाळेचे छप्पर करून घेतले, हातपंप दुरुस्त करून घेतले. एका आढावा बैठकीत मीच तिचे कौतुक केले. म्हणजे माझ्या चुकीचा परिणाम चांगला झाला, असाही हिशोब मी मांडून पाहिला. तो हिशोब जुळत असे, आणि जुळत असे म्हणूनच मला त्याची भीती वाटे.

ओक ग्रोव्हहून परतताना गाडीत मी गप्पच होतो. रात्री जेवणानंतर इंदूरचा मित्रही भाच्याकडे थांबला होता. त्या दोघांना मी ही हकीकत सांगितली. यापूर्वी मी ती एकाच व्यक्तीला सांगितली होती. भाच्याने विचारले, “मामा, पण त्या बाईंना कधी कळलं का?”

कळले. मीच सांगितले, पाच वर्षांनी.

तोवर माझी दोनदा बदली झाली होती. पुढच्या पंचायत निवडणुकीच्या सुमारास कामानिमित्त त्या भागातून जात होतो. गाडी मुख्य रस्त्यावर थांबवून मी चालत त्या गावात गेलो. त्या या खेपेस उभ्या नव्हत्या. जागा स्त्रियांसाठी राखीव नव्हती आणि पैसेही नव्हते. त्यांनी मला ओळखले नाही. ओळख सांगितल्यावर खाट झटकून बसायला दिली. मी टीपकागदासह सर्व सांगितले. शिक्का समजावण्यासाठी माझ्याजवळ काहीच नव्हते. मग मी त्यांच्या ओसरीवरील ओल्या मातीत आधी उजवा तळहात उमटवून दाखवला, आणि त्याच्या शेजारी तोच हात समोर धरला. अंगठा उलट्या बाजूला आला. त्यांना लगेच समजले. मला वाटले होते त्या रागावतील किंवा रडतील. दोन्ही झाले नाही.

“उस दिन सुबह पता चल गया था?” त्यांनी विचारले.

“हाँ, दस बजे.”

“और अर्ज़ी कितने दिन में देनी होती थी?”

मी मुदत सांगितली. त्यांनी खाली पाहत बोटांच्या पेरांवर दिवस मोजायला सुरुवात केली. बराच वेळ त्या मोजत होत्या. मग आत जाऊन त्यांनी चूल पेटवली आणि चहा ठेवला.